दोन प्रतिष्ठित पंच

परवा बाररूममध्ये आमचे ज्येष्ठ मित्र जोशीवकील मोबाइलवर बातमी वाचून हळहळत होते. अमेरिकेत म्हणे फाशीच्या काही शिक्षा रद्द झाल्या. कारण काय, तर आरोपी काळा आणि त्याचा निवाडा करायला बसवलेली ज्युरी जवळजवळ सगळी गोरी. ज्युरी म्हणजे तिथले बारा साधे नागरिक. आरोपी दोषी की निर्दोष हे ते ठरवतात. तर सरकारी वकिलांनी ज्युरी निवडताना काळ्या माणसांना काही ना काही निमित्त काढून एकेक करून घरी पाठवलं होतं. एक म्हणे नजरेला नजर देत नव्हता, दुसरा जरा जास्तच देत होता. जोशीवकिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघा, एवढा पुढारलेला देश आणि माणसाचा रंग बघून न्याय करतात. आपल्याकडे हे असलं नाही बुवा."

मला चहाचा ठसका लागला. जोशीवकिलांनी पाणी दिलं आणि हळू प्यायला सांगितलं.

आपल्याकडे ज्युरी नाही हे खरं. एकेकाळी होती, पुढे बंद झाली. चार लोक एकत्र आले की भावनेच्या भरात वाहून जातात असं ठरलं. आता एकटे न्यायाधीश निकाल देतात. पण न्यायाधीश काही घटनास्थळी नसतात. त्यांच्यासाठी आधी कोणीतरी पाहून ठेवावं लागतं, आणि ते पाहणारी माणसं पोलीस निवडतात. त्यांना पंच म्हणतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या व्यवसायाबद्दल काहीतरी 'गमतीदार' लिहून मागितलं आहे. पंचांइतकं गमतीदार माझ्या व्यवसायात दुसरं काही नाही.

मी नाशिकच्या कोर्टात फौजदारी वकिली करत केस पांढरे केले. त्यातली निम्मीअधिक वकिली फुकट. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील देतात, त्या वकिलांपैकी मी एक. जेलमध्ये माझं नाव 'फुकटच्या मॅडम' असं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की ते प्रेमाने म्हणतात, आणि मग राग धरण्यात अर्थ उरला नाही.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आलेला नाही (त्यांचा कधी न येवो) त्यांच्यासाठी सांगते. पोलिसांनी एखाद्याच्या घरातून चोरीचा माल काढला, तर तो खरंच त्या घरातून निघाला की साहेबांच्या जीपमधून, हे सांगायला पोलिसांशी संबंध नसलेली दोन माणसं हजर लागतात. ते पंच. त्यांच्यासमक्ष लिहिला जातो तो पंचनामा. कायदा म्हणतो, पंच त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी असावेत. हा 'प्रतिष्ठित' शब्द ज्या गोऱ्या साहेबाने लिहिला तो लिहून विलायतेला निघून गेला. प्रतिष्ठित कोण, हे ठरवायचं काम मात्र तेव्हापासून आमच्या ठाण्यातल्या हवालदारावर येऊन पडलं आहे.

हवालदाराने ते चोख केलं आहे. इतक्या वर्षांत मी जे पंच पाहिले त्यावरून प्रतिष्ठित माणूस कसा असतो हे मी आता झोपेतही सांगू शकते. त्याचं दुकान पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर असतं. दुकानात नोकर असतो, त्यामुळे तो स्वतः दुपारी मोकळा असतो. कपडे इस्त्रीचे. सही झोकदार करतो, आणि सही करण्याआधी वाचत बसण्याचा आगाऊपणा करत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ज्याच्या घराची झडती असते त्याच्या वस्तीतला तो कधी नसतो. भिल्लवस्तीत झडती असली की पंच बाजारपेठेतून येतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर झडती असली की पंच खालून, द्राक्षाच्या गावातून, जीपमध्ये बसून येतो. हे कुठे लिहिलेलं नाही आणि कोणी कोणाला सांगतही नाही. त्या वस्त्यांमधली माणसं मला आरोपीच्या पिंजऱ्यात रोज भेटत. पंच म्हणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधीच भेटली नाहीत.

पंचांचे प्रकार असतात. लाच घेताना पकडायचं असेल तर दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी पंच म्हणून नेतात. असे एक कारकून मला एका केसमध्ये भेटले. सापळा यशस्वी झाला, लाच घेणारा सापडला, पंचनामा लिहून झाला, आणि हे गृहस्थ सही करेनात. म्हणाले, आमच्या साहेबांची मंजुरी घेतल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करत नाही. साहेब रजेवर होते. मंजुरी मिळेपर्यंत लाच घेणारा आणि पकडणारे एकाच टेबलावर बसून चहा पीत होते.

दुसरे नेहमीचे पंच. एका पंचनाम्यावर सही केली की हवालदाराला माणूस सापडतो, मग तो त्याला सोडत नाही. इंदिरानगरमधल्या एका मोटारसायकल चोरीच्या केसमध्ये असे एक पंच पिंजऱ्यात आले आणि शपथेवर म्हणाले, आरोपीने आमच्यासमक्ष तीन शेळ्या काढून दिल्या. सरकारी वकील खोकले. पंचांना वाटलं, मोठ्याने बोलायला सांगताहेत; त्यांनी शेळ्या पुन्हा मोठ्याने सांगितल्या. मी उठून विचारलं, त्या शेळ्यांचे नंबर आठवतात का? त्यावर ते क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "नंबरप्लेटा आरोपीने काढून टाकल्या होत्या." न्यायाधीश उठून चेंबरमध्ये गेले. हसायला गेले असावेत.

नाना असले घोळ करत नसत. नाना म्हणजे निफाडकडच्या एका द्राक्षाच्या गावातले (गावाचं नाव नको) खतं-औषधांचे दुकानदार. नाव मी बदललं आहे, पण कोर्टातल्या लोकांना ते ओळखू येतीलच, आणि त्यांना स्वतःला वाचून आनंदच होईल. धाकटा मुलगा ओझरच्या कारखान्यात, थोरला बागेत. धोतर नाही, पण पांढरा पायजमा-शर्ट असा की त्यावर बसलेली माशीसुद्धा पाय पुसून बसेल. त्या भागातल्या पोलिसांचं नानांवाचून पान हलत नसे. नाना कधी फितूर झाले नाहीत, कधी तारखेला गैरहजर राहिले नाहीत. माझं माहेर नामपूरचं, त्यांचे व्याही नामपूरच्या मार्केटला कांदा आणत, म्हणून ते मला ताई म्हणत. उलटतपासणीत मी त्यांना कितीही पिडलं तरी बाहेर आल्यावर स्वतः चहा सांगत. "ताई, आज जरा जास्त बोललात," एवढंच.

अशाच एका चहाच्या वेळी त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली होती. पंचनाम्याला जाताना ते पोलिसांच्या जीपमध्ये स्वतःची घडीची खुर्ची टाकत आणि पाण्याची बाटली बरोबर घेत. "काये ताई, वस्त्या कशा कशा असतात. कुठं टेकायचं, कुणाचं पाणी प्यायचं? आपण आपलं नेलेलं बरं." मी तेव्हा मान डोलावली होती. वकिलाने साक्षीदाराच्या चहाचे पैसे द्यायचे नसतात आणि त्याचं बोलणं विसरायचं नसतं.

मग ती केस आली. नानांच्याच गावाबाहेर, बागेतल्या बंगल्यात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा खून झाला. भली माणसं होती. गावातल्या कितीतरी मुलांच्या फिया त्या आजोबांनी भरल्या होत्या. आजींच्या गळ्यातली सोन्याची पोत गेली होती. गाव पेटलं. बंद झाला, मोर्चा निघाला, 'फाशी द्या' असे फलक आरोपी सापडायच्या आधीच रंगवून तयार होते. मग आरोपी सापडला. सोमा भोये, सुरगाण्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा. छाटणीच्या हंगामात टोळीबरोबर त्या बागेत कामाला आला होता. टोळीत माणसं पुष्कळ होती. सोमा एकटाच हंगाम संपायच्या आत घरी गेला होता. बायको आजारी होती. संशयाला एवढं पुरलं.

त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार होईना. कोणी नकार दिला असं नाही. नकार दिला तर बरं दिसत नाही. सगळ्यांना अचानक दुसरीकडे तारखा लागल्या. म्हणून केस फुकटच्या मॅडमकडे आली. नामपूरहून आईचा फोन आला. ती रागावली की अहिराणीवर येते. "तू त्या खुनीनी वकील शे का व?" मी म्हटलं, खुनी आहे की नाही ते ठरायचंय अजून. ती म्हणाली, "पेपरमा ते ठरी गयं," आणि फोन ठेवला.

सोमा जेलमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्यापुढे उभाच राहिला, खुर्चीवर बसेना. मी आरोपीला 'तू केलंस का' असं कधी विचारत नाही, तो माझा प्रश्न नव्हे. त्यानेच सांगितलं. "बाई, मी बागेत काम केलं. मारलं नाय कुणाला." मग त्याने विचारलं की नागलीची लावणी झाली असेल का. मी नाशिक शहरात राहणारी बाई, मला नागलीच्या लावणीचं काय ठाऊक. त्याची बायको जनी दोन एसट्या बदलून तारखेला यायची आणि कोर्टाच्या जिन्याखाली बसून राहायची. पोलीस तिला आत सोडत, पण तिला वाटे की आत गेलं की आपल्यालाही पिंजऱ्यात घालतील.

पुरावा एकच होता. पंचनाम्यात लिहिलं होतं की सोमाने पोलिसांना आणि दोन पंचांना आपल्या घरी नेलं, झोपडीत शिरून भाताच्या कणगीमागची जमीन उकरली आणि पंचांसमक्ष सोन्याची पोत आणि कोयता काढून दिला. पंच क्रमांक एक, नाना. पंच क्रमांक दोन, नानांच्या शेजारचे दुकानदार. बाकी सगळं हवेतलं होतं. ही पोत झोपडीतून निघाली हे खरं मानलं की सोमा फासावर, नाही मानलं की सोमा घरी.

तपास करणाऱ्या साहेबांची उलटतपासणी आधी झाली. मी विचारलं, झडतीच्या वेळी पाड्यावर माणसं होती का? होती, सगळा पाडा गोळा झाला होता. त्यात शाळेचे मास्तर होते? होते. अंगणवाडीच्या बाई? त्याही होत्या. पोलीस पाटील? हो, त्यांनीच घर दाखवलं. मग पंच त्यांच्यातले का घेतले नाहीत, इतक्या लांबून जीपमध्ये घालून का नेले? साहेबांनी माझ्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "तिथं प्रतिष्ठित असं कोणी आढळलं नाही," ते म्हणाले. न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. कोणाचीही भुवई हलली नाही. मी बसल्या जागी विचार करत होते की शासनाचा मास्तर, शासनाचा पोलीस पाटील, या दोघांना प्रतिष्ठा द्यायची शासन विसरलं की काय.

नानांच्या साक्षीच्या दिवशी कोर्ट भरून गेलं होतं. अख्खं गाव आलं होतं. पहिल्या बाकावर नानांच्या धाकट्या मुलाचे होणारे सासरे बसले होते, हे मला नानांनीच सकाळी जिन्यात कौतुकाने दाखवलं होतं. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, नाना पंचनामा पाठ असल्यासारखे बोलले. मग मी उठले. नाना झोपडीत गेले नसणार याबद्दल मला शंकाच नव्हती. पण "तुम्ही आत गेला नाहीत ना" असं विचारलं असतं तर त्यांनी "गेलो होतो" असं शपथेवर सांगितलं असतं. सरकारी बाजू सांभाळायची त्यांना सवय होती. म्हणून मी उलट्या बाजूने शिरले.

"नाना, तुम्ही आरोपीच्या मागोमाग झोपडीत शिरलात."

"पंचनाम्यात लिहिलंय तसंच झालं."

"म्हणजे आत गेलात. दार बुटकं आहे, वाकून जावं लागलं असेल."

नानांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. मागच्या बाकांवर जरा चुळबुळ झाली.

"आत अंधार. कणगी चुलीच्या बाजूला. नीट दिसावं म्हणून तुम्ही त्यांच्या चुलीपाशी उकिडवे बसलात, आणि तिथं भांड्यांना हात लागला..."

"ओ ताई, काहीही काय बोलता," नाना म्हणाले. कोर्टात त्यांनी मला ताई म्हटलं ते तेव्हाच. "मी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. आमच्यात कोणी जात नाही तसल्या घरात. विचारा गावाला. मी बाहेर माझ्या खुर्चीवर बसलो होतो."

"खुर्ची कुठे होती?"

"आंब्याखाली. सावलीला."

"तिथून झोपडीचं दार दिसत होतं?"

"दाराकडं पाठ होती. समोरून ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून फिरवून घेतली."

सरकारी वकील ताडकन उठले. फेरतपासणीत त्यांनी विचारलं, नाना, निदान उंबऱ्यात उभं राहून तरी पाहिलं असेल ना तुम्ही? हा असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही. मी हरकत घ्यायला हवी होती. पण घेतली नाही, ऐकायला फार बरं वाटत होतं. नाना म्हणाले, "साहेब, उंबऱ्याला शिवलोसुद्धा नाही." मी वळून पाहिलं. पहिल्या बाकावरच्या व्याह्यांनी समाधानाने मान डोलावली. गावाचा जीव भांड्यात पडला. एका माणसाचा जीव त्या पिंजऱ्यात टांगलेला होता, पण नानांच्या नावाला बट्टा लागला नाही याचं सगळ्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या पंचांना मी एकच प्रश्न विचारला, झडतीच्या वेळी तुम्ही कुठे होतात? ते म्हणाले, "नाना जिथं, मी तिथं."

त्या संध्याकाळी मी घरी येताना गोविंदनगरच्या कोपऱ्यावर थांबून जिलबी घेतली. केस संपली असं मला वाटलं. पुरावा एकच, आणि तो पाहणारे दोन्ही साक्षीदार आंब्याखाली पाठ करून बसलेले. शिकाऊ वकिलालाही ही केस जिंकता आली असती.

न्यायाधीशांनी फाशी दिली. निकालात नानांच्या साक्षीबद्दल लिहिलं होतं की पंच प्रत्यक्ष झोपडीत गेला नसला तरी ही विसंगती किरकोळ आहे. तो गावातील प्रतिष्ठित नागरिक असून त्याला खोटं बोलण्याचं काही कारण नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आंब्याखाली बसल्याचं सांगताना तो खोटं बोललाच नव्हता, तीच तर माझी केस होती. माणूस विश्वासाचा आहे म्हणून त्याने न पाहिलेलंही पाहिलेलं धरलं गेलं. बाहेर टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. गर्दीत कोणीतरी, मी कोण हे न बघता, माझ्याही हातावर पेढा ठेवला. आत सोमा माझ्याकडे बघत होता. निकालाची भाषा त्याला कळली नव्हती. "साहेब काय बोलले, बाई?" त्याने विचारलं. माझ्या व्यवसायात मला अनेकदा वाईट वाटलं आहे, पण ते उत्तर देताना जे वाटलं त्याला वाईट हा शब्द पुरत नाही. मग जिन्याखाली जाऊन तेच जनीला सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, भेटायला आता कुठं जायचं.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सोमाला दूरच्या मोठ्या तुरुंगात हलवलं. मी सगळे कागद मुंबईच्या एका वकील मैत्रिणीकडे दिले आणि सुनावणीला मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथे नाना नव्हते, गाव नव्हतं, व्याही नव्हते. दोन न्यायाधीशांपैकी एकांनी सरकारी वकिलांना विचारलं, पोत आणि कोयता निघताना पोलिसांशिवाय कोणी पाहिला? पंचांनी, सरकारी वकील म्हणाले. पंच कुठे होते? खुर्चीवर. खुर्ची कुठे होती? आंब्याखाली. आंबा कुठे होता? सरकारी वकील कागद उलटत राहिले. शेवटी ते म्हणाले, झोपडीसमोर, पण पंचांची पाठ झोपडीकडे होती. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, मग ते आत का गेले नाहीत? हाच प्रश्न नाशिकला कोणाला पडला नव्हता, कारण उत्तर प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं.

फाशी रद्द झाली. सोमा निर्दोष सुटला. निकाल मी आनंदाने वाचायला घेतला आणि वाचता वाचता हसू आलं. त्यात लिहिलं होतं की 'पंच काही कारणास्तव झोपडीबाहेर थांबले'. काही कारणास्तव. कारण नोंदीत होतं, नानांच्या शब्दांत होतं, शपथेवर होतं. पाड्यावरचा एकही माणूस पंच म्हणून का चालला नाही, त्यावर 'प्रक्रियेचं काटेकोर पालन झालेलं दिसत नाही' एवढंच. न्यायालयाने एका माणसाला फासावरून उतरवलं, पण तो तिथे कसा चढला हे चारचौघांत बोलणं काही बरं दिसलं नाही.

नाना मला नंतर भेटले ते दुखावलेले. गावात लोक त्यांच्यामुळे आरोपी सुटला म्हणत होते. "ताई, तुम्हीच सांगा, मी खरं बोललो यात माझं काय चुकलं?" मी म्हटलं, काही चुकलं नाही नाना, तुम्ही तेवढं एकच वाक्य खरं बोललात. त्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी चहा सांगितला आणि आम्ही प्यालो.

मग एक दिवस त्या म्हाताऱ्या जोडप्याची मुलगी कोर्टाच्या आवारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भांडायला आली असेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "मॅडम, मग माझ्या आईबाबांना कोणी मारलं?" मला माहीत नव्हतं. ती पोत पोलिसांना खरं म्हणजे कुठे सापडली हेही मला आजवर माहीत नाही. ज्या दिवशी आंब्याखाली बसून दोन सह्या झाल्या त्या दिवशी तपास थांबला होता, आणि तो पुन्हा कोणी सुरू केला नाही. खरा खुनी आमच्याच कुठल्यातरी बाजारात भाजी घेत असेल. याची खंत मला सोमा सुटल्याच्या आनंदाइतकीच आहे.

आता नव्या कायद्याने झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करावं लागतं. मागच्याच महिन्यात एका केसचं चित्रीकरण पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ. झोपडी दिसते, आरोपी दिसतो, गोळा झालेला पाडा दिसतो, आणि इस्त्रीच्या कपड्यातले दोन पंच दिसतात. त्यातल्या एकाने नाकाला रुमाल धरला आहे. पण तो आत आला आहे, हे कबूल करायला हवं.

सोमा सुटला त्या दिवशी जनी आणि मी त्याला आणायला गेलो होतो. येताना नाशिकच्या स्टँडवर सुरगाण्याच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही तिघं चहाला बसलो. आता तो खुर्चीवर बसला, पण कडेला. तुरुंगात त्याला 'सुटलास' एवढंच सांगितलं होतं, का सुटला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. की ज्यांनी पाहिलं असं पोलीस म्हणत होते, त्यांनी काही पाहिलंच नव्हतं, कारण ते तुझ्या घरात आले नव्हते.

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "ते घरात आले असते तं?"

मी म्हटलं, आत येऊन त्यांनी 'पाहिलं' म्हटलं असतं, तर कोणी तुला वाचवू शकलं नसतं. फाशी झाली असती.

जनीने कप खाली ठेवला. "मी बोलावलं होतं त्यांना," ती म्हणाली. "दोघं म्हातारे, उन्हाचे आलेले. मी दोनदा बोलले, घरात या, बसा. मी घोंगडी पन टाकली होती."

गाडी लागली. सोमाने जनीच्या हातातलं गाठोडं घेतलं, मला हात जोडले, आणि चढता चढता तिला म्हणाला, "आता कुणाला घरात बोलवू नको."